युसू न्दूर : डकार न सोडलेला गायक

पांथस्थ

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. २००९ ते २०१३ मी कामानिमित्त सेनेगलमध्ये होतो, राजधानी डकारमध्ये, आणि तिथे राहून ज्याचा आवाज कानावर पडला नाही असा एकही दिवस गेला नाही तो माणूस म्हणजे युसू न्दूर. टॅक्सीत तो, न्हाव्याच्या दुकानात तो, शेजारच्या लग्नात तो. आणि गंमत म्हणजे सकाळी चहाबरोबर जो पेपर वाचायचा तोही त्याचाच, रेडिओ लावला तर स्टेशन त्याचं, आणि २०१० पासून टीव्ही चॅनेलसुद्धा त्याचं. आपल्याकडे आफ्रिकन संगीत म्हटलं की लोकांना फार तर एखादं वर्ल्डकपचं गाणं आठवतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म १ ऑक्टोबर १९५९, डकारच्या मेदिना वस्तीत. सेनेगल स्वतंत्र झाला एप्रिल १९६० मध्ये, म्हणजे हा देशापेक्षा सहा महिन्यांनी मोठा. मेदिना म्हणजे एकाला एक लागून घरं, अंगणात चुली, गल्लीत बकऱ्या आणि संध्याकाळी कोळशाच्या शेगडीवर अतायाचा चहा, जो तीनदा उकळून तीनदा देतात आणि तिसरा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. वडील मेकॅनिक, सेरेर समाजाचे, आणि आई गेवेल घराण्यातली. गेवेल म्हणजे पिढीजात गाणारे लोक, राजांच्या आणि घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ असणारे, लग्नाबारशाला येऊन यजमानाच्या सात पिढ्यांची नावं गाणारे. आपल्याकडचे भाट डोळ्यासमोर आणा, साधारण तसंच. वडिलांना मुलाने गाऊ नये असं वाटायचं, त्याने शिकून चांगली नोकरी धरावी ही इच्छा, आणि याला आईकडून, आजीकडून मिळालेला गळा गप्प बसू देईना. सुंतेच्या समारंभात, ज्याला तिकडे कासाक म्हणतात, तिथे पोरवयातच गायला लागला आणि बघता बघता मेदिनात नाव झालं.

१६-१७ वर्षांचा असताना स्टार बँडमध्ये घुसला, हा इब्रा कासे नावाच्या क्लबमालकाचा बँड, मियामी नावाच्या क्लबात वाजवायचा. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी काही जण तिथून फुटून एत्वाल द डकार हा बँड काढतात, आणि १९८१ मध्ये युसूचा स्वतःचा सुपर एत्वाल द डकार उभा राहतो जो आजतागायत त्याच्याबरोबर आहे. सुरुवातीच्या गाजलेल्या गाण्यांपैकी एक होतं खालिस, वोलोफ भाषेत खालिस म्हणजे पैसे.

आत्ता इथेच थांबतो, पुढचं प्रतिसादात लिहीन.

सुरपेटी

मस्त विषय काढलात! मला युसू न्दूर म्हटलं की फक्त सेव्हन सेकंड्स आठवतं. १९९४-९५ ला आमच्याकडे नुकतं केबल आलं होतं आणि रात्री उशिरा ते गाणं लागायचं, काळापांढरा व्हिडिओ, रस्त्यावर माणसं चालतायत, एक चेहरा दुसऱ्या चेहऱ्यात विरघळतोय, आणि सुरुवातीला हा माणूस कुठल्यातरी अनोळखी भाषेत गायला लागतो आणि अंगावर काटा यायचा. शब्द एक कळत नव्हता. आई विचारायची हे काय रडगाणं लावलंस, पण तीही ओट्याशी उभी राहून ऐकायची. नंतर कळलं की ती वोलोफ, मध्ये फ्रेंच आणि सोबत गाणाऱ्या नेने चेरीचं इंग्रजी, आणि सात सेकंद म्हणजे जन्मलेल्या बाळाची पहिली सात सेकंदं, जेव्हा त्याला या जगात काय काय वाईट आहे ते अजून माहीत नसतं. आज माझी मुलगी तेव्हाच्या माझ्याएवढी आहे, तिलाही ऐकवलं.

एक प्रश्न, म्बालाख म्हणजे नेमकं काय हो? सगळीकडे त्याला म्बालाखचा राजा म्हणतात पण सेव्हन सेकंड्समध्ये तर तसलं काही वेगळं वाजत नाही.

पांथस्थ

सुरपेटी ताई, बरोबर पकडलंत, त्या गाण्यात म्बालाख नावालाही नाही. फ्रान्समध्ये ते गाणं सलग १६ आठवडे पहिल्या नंबरावर होतं, युरोपात एमटीव्हीचं त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट गाणं ठरलं, पण डकारमधला माणूस तुम्हाला सांगेल की खरा युसू तो नव्हे.

आता म्बालाख. सेनेगलमध्ये साबर नावाचे ढोल असतात, एकाच लाकडी खोडातून कोरलेले, बकरीचं कातडं खुंट्यांनी ताणलेलं, आणि वाजवताना एका हातात बारीक काठी आणि दुसरा हात मोकळा. म्हणजे प्रत्येक बोल काठीचा की पंजाचा यावरून बदलतो. पाच-सहा जण वेगवेगळ्या उंचीचे ढोल घेऊन बसतात, एक जण पुढारी, बाकीचे साथीला. म्बालाख हा शब्द मुळात त्या साथीच्या तालाचा. ५०-६० च्या दशकात डकारच्या क्लबांमध्ये क्यूबन संगीताचं वेड होतं, बँड स्पॅनिश शब्द पाठ करून गायचे, अर्थ कुणाला माहीत नाही. युसूच्या पिढीने काय केलं तर त्या क्यूबन बँडच्या मधोमध साबर आणून ठेवले आणि गाणं वोलोफमध्ये आणलं. त्यात तामा, म्हणजे काखेत धरायचा छोटा ढोल, त्याच्या दोऱ्या काखेने दाबल्या की सूर वर चढतो, सोडला की खाली येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ढोल बोलतोय. आसान चाम हा सुपर एत्वालचा तामावाला म्हणजे अर्धा बँडच. आणि बासवर हबीब फाय, जो २०१८ मध्ये गेला. २०१९ च्या हिस्ट्री या अल्बममध्ये युसूने पहिलंच गाणं त्याच्या नावाचं केलंय.

मी २०१० मध्ये त्याच्या स्वतःच्या क्लबात गेलो होतो, थियोसान नाव, म्हणजे परंपरा, मूळ. ऑफिसातल्या दोघांनी नेलं. आम्ही अकरा वाजता पोचलो तर दरवाज्यावरचे लोक हसायला लागले, इतक्या लवकर कोण येतं. बँड बारानंतर कधीतरी चालू झाला आणि हा स्टेजवर आला तेव्हा दोन वाजून गेलेले. भरजरी बूबू, म्हणजे तिकडचे पायघोळ झगे, घातलेल्या बायका शांतपणे स्टेजवर चढायच्या, त्याच्या हातात नोटा ठेवायच्या, आणि तो त्या बाईचं, तिच्या आईचं, घराण्याचं नाव गाण्यात गुंफायचा, ताल न सोडता. मग साबरवाल्याने एक तुकडा टाकला की एक मुलगी मध्ये येऊन गुडघे उडवत नाचायची आणि बरोबर शेवटच्या ठोक्यावर थांबायची, तो ठोका तिला आधीच कसा कळायचा देव जाणे. पहाटे पाचला बाहेर पडलो तर मशिदीची अजान चालू होती आणि कान सुन्न झाले होते.

गोरखचिंच

वाचतेय, छान चाललंय. गेवेल लोकांबद्दल थोडी भर घालते कारण त्याशिवाय या माणसाचं मोठेपण कळणार नाही.

वोलोफ आणि सेरेर समाजात जन्मावरून ठरलेले गट होते, सोनार-लोहार, चांभार, आणि गाणारे गेवेल. गेवेलला मान होता, त्याच्या जिभेला राजेही घाबरायचे, पण बेटीव्यवहार नाही. सेरेर भागात तर पूर्वी गेवेल मेला की त्याला जमिनीत पुरायचे नाहीत, त्याने जमीन नापीक होते अशी समजूत, म्हणून गोरखचिंचेच्या पोकळ खोडात ठेवायचे. साठच्या दशकापर्यंत हे चालू होतं. माझं टोपणनाव त्यावरूनच घेतलंय, बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच.

तर ज्या घराण्यातल्या माणसाला मातीसुद्धा मिळत नव्हती त्या घराण्यातल्या आईचा मुलगा पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष व्हायला उभा राहतो, हे मला त्याच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं. आपल्या लोकांना तरी हे समजावून सांगायला नको.

हिशेबवही

पांथस्थ दादा, उद्योजक म्हणून लिहा ना अजून. पेपर, रेडिओ, टीव्ही एवढं सगळं एका गायकाने कसं उभं केलं? पैसा कुठून आला?

पांथस्थ

हिशेबवही ताई, माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. ऐंशीच्या दशकात सेनेगलमध्ये संगीताचा धंदा म्हणजे कॅसेट. कॅसेट बाजारात आली की आठवड्यात नकला. गायकाची खरी कमाई क्लबात आणि लग्नाकार्यात. युसू परदेशात पोचला तो तिथल्या सेनेगाली लोकांमुळे, १९८४ च्या सुमारास पॅरिसच्या सेनेगाली टॅक्सीवाल्यांनी बँडला बोलावून घेतलं. इमिग्रे हे गाणं त्याच लोकांवरचं, की बाबांनो कामाला गेलात, आता घरी परत या. मग पीटर गेब्रियल या ब्रिटिश गायकाने त्याला ऐकलं, १९८६ च्या सो अल्बममधल्या इन युअर आइज गाण्याच्या शेवटी जो आवाज वर वर जातो तो युसूचा. त्याच वर्षी अमेरिकन गायक पॉल सायमनच्या ग्रेसलँड अल्बमवर त्याने तालवाद्य वाजवलंय.

आता इथे त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर पॅरिसला किंवा लंडनला घर घेऊन मोकळा झाला असता, बहुतेक आफ्रिकन गायकांनी तेच केलं आणि त्यांना दोष देता येत नाही कारण स्टुडिओ तिकडे, कंपन्या तिकडे, पैसे तिकडे. युसू डकारलाच राहिला. मोठ्या परदेशी कंपनीने दोन अल्बमनंतर सोडलं तरी राहिला. बाहेरून मिळालेला पैसा त्याने डकारमध्ये स्टुडिओत घातला, खिप्पी नाव, म्हणजे डोळे उघडे. मग जोलोली ही रेकॉर्ड कंपनी, ज्यातून बाकीच्या सेनेगाली गायकांच्या कॅसेट निघाल्या. परदेशासाठी एक अल्बम आणि डकारच्या बाजारासाठी वेगळी, जास्त ढोलांची कॅसेट असं तो वर्षानुवर्षं करायचा. म्हणजे पॅरिसच्या गिऱ्हाईकासाठी त्याने घरच्याला कधी उपाशी ठेवलं नाही.

२००३ मध्ये ऑब्झर्व्हातर हे दैनिक आणि आरएफएम रेडिओ. पेपर थोड्याच वर्षांत देशातल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या दैनिकांत गेला. चौकात सकाळी पोरं गाड्यांच्या मधून पळत विकायची, दहाच्या आत संपलेला असायचा. टीव्हीसाठी मात्र सरकारने परवाना दोन वर्षं अडकवून ठेवला, शेवटी २०१० च्या सप्टेंबरात टीएफएम सुरू झालं. त्या आठवड्यात आमच्या इमारतीचा राखणदार जिन्याखाली छोटा टीव्ही लावून बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचा, आमचं चॅनेल म्हणून. युसूचं नाही म्हणाला, आमचं म्हणाला.

अजून एक, २००८ मध्ये बिरिमा नावाची छोट्या कर्जांची योजना काढली. बिरिमा हा कायोर राज्याचा जुना राजा, त्याच्यावर युसूचं गाणंच आहे. बेनेटन या इटालियन कपड्यांच्या कंपनीने त्यासाठी जाहिरात मोहीम केली होती, मॉडेल कुणी नाही, कर्ज घेतलेलीच डकारची माणसं, कोळी जाळं घेऊन, शिंपी कापड घेऊन, आपापलं हत्यार हातात धरून कॅमेऱ्याकडे बघतायत.

हिशेबवही

ते फोटो शोधून बघितले. दादा, खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. मी २०११ ला शिलाईचं युनिट टाकायला एका बँकेत गेले होते, दीड लाखासाठी, साहेबांनी फाईल न उघडता विचारलं की मिस्टर काय करतात. चार फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी एक नवीन कागद. शेवटी गटातल्या बायकांनी उभे केले पैसे. त्या फोटोत कुणाकडे दयेचा चेहरा नाहीये, कटोरा नाहीये, हत्यार आहे. दान नको, कर्ज द्या, आम्ही फेडू, हे एका गायकाला कळलं.

सरळरेघ

धागा आवडला पण मला एक गोष्ट खटकते आणि ती बोलायलाच हवी. पेपर तुमचा, रेडिओ तुमचा, चॅनेल तुमचं आणि वर निवडणुकीला उभे, हे कुठल्या लोकशाहीत चांगलं म्हणायचं? उमेदवारीची घोषणासुद्धा त्याने स्वतःच्याच चॅनेलवरून केली. आणि नंतर जिंकलेल्याच्या मंत्रिमंडळात मंत्री. म्हणजे त्या सरकारबद्दल त्याचा पेपर काय लिहिणार? गायक कितीही मोठा असो, इथे हात आखडता घेतला पाहिजे. आपण आवाजाच्या प्रेमात पडून सगळंच माफ करतो.

पांथस्थ

सरळरेघ, मुद्दा अगदी रास्त आहे, तिथेही लोक हेच बोलायचे. मी तेव्हा तिथे होतो म्हणून काय बघितलं ते सांगतो.

राष्ट्राध्यक्ष होते अब्दुलाय वाद, वय ८५, दोन कारकिर्दी झालेल्या, तिसऱ्यांदा उभं राहायचं म्हणत होते. २०११ पासून रस्त्यावर आंदोलनं, वीज तर दिवसातून कितीतरी तास जायची, लोक पेटलेले. युसूने नोव्हेंबरात जाहीर केलं की जानेवारीपासून कार्यक्रम बंद, आणि २ जानेवारी २०१२ ला रात्री उमेदवारी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन तट. शिकलेले लोक म्हणत होते की हा कॉलेजात गेला नाही, देश काय चालवणार. त्यावर त्याचं म्हणणं साधारण असं होतं की उच्च शिक्षण नाही हे खरं, पण राष्ट्राध्यक्षपद हे काम आहे, तो काही शिकून घ्यायचा पेशा नव्हे. आमच्या ड्रायव्हरने ते वाक्य महिनाभर प्रत्येकाला ऐकवलं.

उमेदवारीला १०,००० मतदारांच्या सह्या लागायच्या. २७ जानेवारीला घटना परिषदेने एकाच यादीत वादना परवानगी दिली आणि युसूच्या पुरेशा सह्या वैध नाहीत म्हणून त्याला बाहेर काढलं. त्या रात्री टायर जळत होते, आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. त्यानंतर तो घरी बसला नाही, मोर्च्यात उतरला, फेब्रुवारीत पायाला दुखापतही झाली. दुसऱ्या फेरीत वादांच्या विरोधातल्या माकी साल यांना पाठिंबा दिला, २५ मार्चला वाद हरले आणि त्याच रात्री त्यांनी फोन करून पराभव मान्य केला. एप्रिलमध्ये युसू सांस्कृतिक आणि पर्यटन मंत्री झाला, पुढच्या वर्षी सप्टेंबरात मंत्रिमंडळातून बाहेर, मग राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार.

माझं मत विचाराल तर उभा राहिला ते बरोबर होतं, मंत्री झाला ते चुकलं. पेपरचा मालक मंत्रिमंडळात बसला की पेपरची धार जाते, पेपर कितीही प्रामाणिक असला तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका राहते. त्याच्या गाण्याइतकं माझं त्याच्या या निर्णयावर प्रेम नाही.

सरळरेघ

हे मान्य. त्या सह्यांचा तपशील माहीत नव्हता, धन्यवाद. एकाच दिवशी एकाला आत आणि एकाला बाहेर, हे वाचून माझीही बाजू थोडी हलली हे कबूल करतो.

गोरखचिंच

ईजिप्त अल्बमचा विषय कुणीच काढला नाही अजून? माझ्यासाठी तो त्याचा सगळ्यात धाडसी काम आहे.

युसू मुरीद या सूफी मुस्लिम पंथाचा. शेख आमादू बांबा हे या पंथाचे संस्थापक, फ्रेंचांनी १८९५ मध्ये त्यांना गॅबॉनला हद्दपार केलं होतं, आणि तूबा गावी त्यांच्या स्मरणात दरवर्षी लाखो लोक जमतात. युसूने कैरोच्या फाथी सलामाच्या वाद्यवृंदाला घेऊन सेनेगलच्या सूफी संतांवर गाणी केली, ढोल जवळपास नाहीत, ऊद हे अरबी तंतुवाद्य आणि व्हायोलिन. ११ सप्टेंबरनंतर लगेच हे काढलं तर लोक भलताच अर्थ लावतील म्हणून थांबला, २००४ मध्ये काढलं. मधे २००३ ला इराक युद्धाच्या निषेधात त्याने अमेरिकेचा अख्खा दौरा रद्द केला होता, तोपर्यंतचा तिकडचा सगळ्यात मोठा.

आणि घरी काय झालं तर लोक भडकले. क्लबात नाचगाणं करणारा माणूस संतांची नावं घेतो म्हणून. दुकानदारांनी कॅसेट परत केल्या. ज्या लोकांसाठी आयुष्यभर डकार सोडलं नाही त्यांनीच पाठ फिरवली. २००५ मध्ये ग्रॅमी मिळाल्यावर मग वाजतगाजत स्वागत. मला त्या मधल्या वर्षाचं फार वाईट वाटतं, आपल्याच गावाला आपली भक्ती खोटी वाटावी याहून कठीण काय असेल.

सुरपेटी

काल रात्री पूर्ण ऐकला. शुक्रान बांबा तीनदा. त्याचा आवाज एरवी फेकतो ना तसा इथे फेकत नाही, राखून गातो, जणू कुणाच्या समोर बसलाय.

जुना_रेडिओ

मी सहसा लिहीत नाही, वाचनमात्र असतो. पण आज राहवलं नाही.

मी या माणसाला प्रत्यक्ष ऐकलंय, आणि तेही भारतात. ३० सप्टेंबर १९८८, दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. ॲम्नेस्टीचा दौरा होता, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली म्हणून, ह्यूमन राइट्स नाऊ. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गेब्रियल, ट्रेसी चॅपमन आणि युसू न्दूर. मी तेव्हा दिल्लीत शिकत होतो, हॉस्टेलवर आम्ही सहा मराठी मुलं, मेसचे पैसे तोडून तिकिटं काढली ती स्प्रिंगस्टीनसाठी. युसूचं नाव पोस्टरवर वाचून आमच्यातल्या एकाला उच्चारताही आलं नव्हतं.

ऊन होतं, घामाघूम गर्दी, बरेच लोक अजून चणे घेत बाहेरच. आणि एक उंच सडपातळ मुलगा पुढे आला, त्याच्या बाजूला काखेत डमरूसारखं काहीतरी धरलेला माणूस. आम्ही बसलेलोच होतो. मग तो काखेतला ढोल बोलायला लागला, आणि माझा नागपूरचा मित्र, जो तबला शिकलेला होता, ताडकन उभा राहिला आणि बोटांवर मात्रा मोजायला लागला, चुकला, परत मोजल्या, परत चुकला, आणि शेवटी मोजायचं सोडून नुसता बघत उभा राहिला. तो मित्र आता नाही. सहा वर्षं झाली.

त्या वाद्याला तामा म्हणतात हे आज या धाग्यामुळे कळलं. आणि पांथस्थ, तुम्ही वर जन्मतारीख लिहिलीत ती वाचून मी उठून हिशेब केला. १ ऑक्टोबर १९५९. म्हणजे आम्ही त्याला ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो २९ वर्षांचा झाला. आम्ही त्या रात्री शेवटची बस चुकून स्टेडियमपासून हॉस्टेलपर्यंत चालत आलो होतो, बारा वाजून गेलेले, आणि हा नागपूरचा पठ्ठ्या सगळ्या रस्ताभर दिव्याच्या खांबांवर बोटांनी तोच तुकडा वाजवत होता.

पांथस्थ

जुना रेडिओ काका, तुमच्या मित्राने जो तुकडा मोजायचा प्रयत्न केला तसे तुकडे १९९० च्या सेत अल्बममध्ये भरपूर सापडतील. सेत म्हणजे स्वच्छ, त्या गाण्याच्या काळात डकारची पोरं झाडू घेऊन रस्त्यावर उतरली होती, गल्ल्या झाडल्या, भिंती रंगवल्या. हेडफोन लावून ऐका, आणि तामा कुठल्या मात्रेवर येतो ते सापडलं तर इथे जरूर लिहा, मला चार वर्षांत सापडलं नाही.